सीलबंद बीबी सेट आणि तेरखेड्याचे कोयते

संपादकांनी मला ‘सायकल आणि पर्यावरण’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, पण त्या सायकली चालवणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून मी पर्यावरण हा शब्द ऐकला नाही. मोटारसायकल परवडत नव्हती म्हणून ते सायकल चालवत होते आणि परवडायला लागली त्या आठवड्यात सायकल भंगारवाल्याच्या गाड्यावर चढली. संपादक हसून म्हणाले, मग तुम्हाला जे येतं त्यावर लिहा. आता मला जे येतं ते सायकलच्या पोटात असतं आणि बाहेरून कुणाला दिसत नाही, त्यामुळे आजवर मला कुणी व्याख्यानाला बोलावलेलं नाही. हा लेख म्हणजे त्या सगळ्या न झालेल्या व्याख्यानांची भरपाई समजा.

माझं दुकान कळंबला ढोकी रोडवर होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेचा एक पंप आणि ‘सायकल दुरुस्ती योग्य दरात होईल’ अशी पाटी. योग्य म्हणजे कुणाच्या मते, यावर रोज सकाळी एक तरी वाद व्हायचाच. आता त्याच जागेत माझा मुलगा मोबाईलच्या काचा बदलून देतो. त्याच्या गिऱ्हाइकाला तो म्हणतो, ‘पडला तर फुटेल.’ गिऱ्हाईक मान डोलावून पैसे देतं. मी चाळीस वर्षांत एकदा जरी असं म्हणालो असतो तर लोकांनी मला पंपासकट उचलून रस्त्यावर ठेवलं असतं.

ज्यांनी सायकल फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन पायडलांच्या मधोमध, फ्रेमच्या तळाशी, एक आडवी नळी असते. तिच्यात एक धुरा फिरतो, त्याला आम्ही एक्सल म्हणतो. एक्सलच्या दोन्ही अंगांना एकेक पोलादी वाटी आणि वाटी अन् एक्सल यांच्यामध्ये हरभऱ्याएवढ्या गोळ्या. या सगळ्याला मिळून बीबी सेट म्हणतात. माणसाचं सगळं वजन, चढावरचा सगळा जोर, आणि तो घरून भांडून निघालेला असला तर तो रागसुद्धा, त्या गोळ्यांवर येतो. घंटी, आरसा, मडगार्डाचे रबर, हँडलचे गोंडे यांची अर्धा अर्धा तास निवड करणारी माणसं मी पाहिली. बीबी सेटची आठवण मात्र पायडलाखाली ‘खट्’ वाजायला लागल्यावरच होते.

मग ते येतात आणि म्हणतात, ‘मिस्त्री, टिकाऊ सेट टाका.’

‘कुठला टाकू?’

‘त्यो. चमकतोय त्यो.’

चमकणारा सेट मी शक्यतो टाकत नसे. एक्सलवर जिथं गोळ्या पळतात त्या जागी मी कानस हलकेच ओढून बघायचो. कानस घसरली तर पोलाद कडक. कानशीनं ओरखडा काढला तर तो एक्सल गुळाचा, मग खोक्यावर कितीही वाघ-सिंह छापलेले असोत. वाटीच्या आतली गोळ्यांची वाट घासून गुळगुळीत केलेली हवी. नुसता चकचकीत मुलामा असेल तर पहिल्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघतात आणि तेच पापुद्रे गोळ्यांना खातात. गोळ्या सगळ्या एका मापाच्या हव्यात. एक जरी मोठी निघाली तर घरात एकटाच कमावता असावा तसं सगळं ओझं तिच्यावर पडतं आणि ती फुटली की बाकीच्या आळशी गोळ्यांचाही निकाल लागतो. हे सगळं मी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘बरं, त्यो चमकतोय त्योच टाका.’

आणखी एक गंमत सांगतो. चेनच्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. सगळं जग जिकडं फिरवून सोडतं तिकडं ती आवळते. इटकूरच्या एका बागाईतदारानं घरीच सेट काढायचं मनावर घेतलं आणि ती वाटी सोडवता सोडवता इतकी आवळली की पाना वाकला. मग त्यानं वेल्डिंगवाल्याला बोलावून वाटी फ्रेमला चारी बाजूंनी वेल्ड करून टाकली. सायकल घेऊन माझ्याकडं आला तो विजयी मुद्रेनं.

‘बघा मिस्त्री, आता ढिलीच व्हत न्हाय.’

‘होणार कशी? आता सेट बदलायचा तर सायकल कापावी लागेल.’

‘मंग कापा की. तेवढ्यासाठीच तर आणलीय.’

पण अशी अधूनमधून येणारी माणसं पोट भरायला पुरत नाहीत. माझा खरा सीझन म्हणजे खंडेनवमीनंतरचे आठ दिवस. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, शेतकऱ्याची औजारं, आणि ज्याचं पोट सायकलवर त्याची सायकल. पूजेआधी अंघोळ हवी. पूर्वी लोक सायकल मांजरा नदीत नेऊन धुवायचे. पुढं माझ्या दुकानाशेजारी बालाजी नावाच्या तरुणानं वॉशिंग सेंटर टाकलं आणि प्रगती झाली. ट्रकच्या चाकांवरचा चिखल उडवायचा फवारा तो सायकलच्या बीबीवर एका वितीवरून मारायचा, कारण सगळ्यात जास्त काळं तिथंच दिसतं. ते काळं म्हणजे मी भरलेलं ग्रीस. ते निघून पाणी आत गेलं की वरून हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. चौथ्या दिवशी तीच सायकल खट्-खट् करत माझ्या दारात. मालक म्हणायचा, ‘पूजा केली तवा तर चांगली व्हती.’ मी बालाजीला दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवत असे, तो उगाच नाही.

अशा सुखाच्या दिवसांत गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी गिअरची सायकल घेतली. दर रविवारी ते येरमाळ्याच्या देवीपर्यंत सायकलवर जाऊन येत आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत त्याबद्दल बोलत. एकदा त्यांची सायकल मोटारीच्या टपावर बसून माझ्या दुकानात आली. मी सवयीनं पाना काढला, तर डॉक्टर ओरडले, ‘मिस्त्री, ते उघडायचं नसतं! सीलबंद बेअरिंग आहे.’

‘खराब झालं तर?’

‘फेकायचं आणि नवीन बसवायचं.’

गुडघ्यांच्या बाबतीतही डॉक्टरांची हीच पद्धत होती, हे गावाला ठाऊक होतंच. त्यांनी मला सगळं समजावलं. वाट्या, गोळ्या, एक्सल असं सुटं काही नाही. एकच नळकांडं, दोन्ही तोंडांना रबरी सील. आत धूळ नाही, पाणी नाही, वर्षानुवर्षं बघायला नको. मी ज्यात हात काळे करून पोट भरलं ते उघडायचंच नसतं, हे ऐकून मला झोंबलं. खरं सांगायचं तर हेवा वाटला. आपल्यालाही असं काहीतरी एकदा बसवता यावं, आणि गिऱ्हाइकानं वर्षभर तोंड दाखवू नये, असं वाटायला लागलं. पुढं डॉक्टरांनी आणखी भारी सेट बसवला आणि जुना सीलबंद सेट, त्याच्या क्रँकसकट, म्हणजे पायडलाच्या दांड्यांसकट, मला देऊन टाकला. तो मी कपाटात कापडात गुंडाळून ठेवला आणि लायक सायकलची वाट बघत बसलो.

ती सायकल शालनबाईची.

शालनबाई धार लावायचं काम करते. आधी नवरा करायचा. तो वारल्यावर हिनं त्याची काळी सायकल घेतली आणि गावोगाव फिरायला लागली. ‘बाई धार लावनार?’ म्हणून बाजारात लोक हसले. मग तिनं लावलेल्या विळीनं एकदोघांची बोटं कापली आणि हसणं बंद झालं. तिची सायकल अशी: स्टँडवर लावली की मागचं चाक उचललं जातं. त्या चाकावरून एक पट्टा पुढं दांडीवर बसवलेल्या दगडाकडं जातो. ती सीटवर बसून पायडल मारते, चाक फिरतं, दगड फिरतो. दगडाच्या वर एक डबा, त्याला बारीक भोक, त्यातून पाण्याचे थेंब दगडावर पडत राहतात. दगडावरून ते पाणी, दगडाची बारीक कणी घेऊन, सरळ खाली कुठं पडत असेल? बरोबर. ज्या जागी पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून मी जगाला उपदेश करत होतो, तिथंच ही बाई दिवसभर कणीचं पाणी शिंपत होती. दर तीन महिन्यांनी तिचा सेट पीठ होऊन यायचा.

तुम्ही म्हणाल, विजेवरचं ग्राइंडर का घेत नाही? त्याचं कारण तेरखेडा. तिथं घरोघरी फटाक्यांचं काम चालतं. ग्राइंडरला लोखंड लावलं की ठिणग्यांचा पाऊस पडतो, तो तेरखेड्यात पाडायची कुणाची छाती नाही. हिचा ओला दगड ठिणगी टाकत नाही. त्यामुळं तिथल्या ऊसतोडीच्या टोळीचे कोयते पिढीजात याच सायकलवर लागायचे. दसरा झाला की टोळ्या कारखान्याकडं निघतात. ट्रक भरायच्या आधी कोयत्यांना धार हवीच, कारण बोथट कोयता उसावरून घसरतो आणि पायात बसतो. टोळीचे मुकादम बबनराव यांनी शालनबाईला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, ‘तुज्या मालकाचं काम तुला दिलं. पन एक साल जरी चुकलीस तर आमी दुसरीकडं बघू.’ ती आठ वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तिचं बाकीचं वर्ष विळ्या, कात्र्या, अडकित्ते यांवर रडतखडत चालायचं. तेरखेड्याची टोळी तिच्याकडं आहे म्हणून आसपासची गावं तिला मानत होती, आणि टोळी गेली की तीही जाणार, हे ती जाणून होती.

एकदा उन्हाळ्यात सायकल माझ्यासमोर आदळून ती म्हणाली, ‘मिस्त्री, दर तीन म्हैन्याला तुमचं त्वांड बघायचा मला कटाळा आलाय. एकदाच काय त्ये कायमचं बसवा.’

मी कपाटातून कापड सोडलं. डॉक्टरांनी त्या सेटचा खास खाचांचा पाना अर्ध्या तासापुरता दिला आणि ‘इंपोर्टेड आहे’ असं तीनदा सांगितलं. मी सेट बसवला, नवे क्रँक चढवले, पायडलाला एक टिचकी मारली. पायडल फिरतच राहिलं. शालनबाई बघतच राहिली.

‘पानी गेलं तर?’

‘जातच नाही. शालनबाई, आता ही सायकल मांजरेत बुडवून ठेवा.’

हे वाक्य मी तिच्याशीच बोलून थांबलो असतो तर बरं होतं. पावसाळाभर मी ते येईल त्याला ऐकवलं. ती तीन महिन्यांनी आली नाही, चार महिन्यांनी आली नाही. मी समोरच्या चहावाल्याला सांगितलं, बालाजीला सांगितलं, डॉक्टरांना तर सेट त्यांचाच असूनही सांगितलं. खंडेनवमीला शालनबाई सायकल धुवायला बालाजीकडं आली. पूजेची म्हणून तो पैसे घेणार नव्हता. फवारा हातात घेऊन त्यानं मला विचारलं, ‘मिस्त्री, मधी मारू का? काळं लई हाय.’ दुसऱ्या कुणाची सायकल असती तर मी गप्प बसून फराळाच्या डब्याचा विचार केला असता. त्या दिवशी मी ऐटीत म्हणालो, ‘मार बिनधास्त. सीलबंद आहे.’

त्यानं बिनधास्त मारलं.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला.

‘मिस्त्री, तुमचं कायमचं बंद पडलं.’

शालनबाई तेरखेड्याहून बोलत होती. पायडल दोन दिवस करकरत होतं, आता जागचं हलत नव्हतं. पोत्यावर साठेक कोयते पडले होते, त्यांतले पाच झाले होते. चार वाजता ट्रक निघणार होता. ‘मुकादम म्हनत्यात, ऱ्हाऊ दे, वाटंत चौसाळ्याला लावून घिऊ,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

खाचांच्या पान्याशिवाय तो सेट निघत नाही, म्हणून मी आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात पळालो. बाहेर प्लॅस्टरवाली दहा माणसं बसली होती. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर लातूरला गेलेत आणि पाना गाडीच्या डिकीत आहे. म्हणजे अख्ख्या कळंब तालुक्यात मी असा एक सेट बसवला होता, जो उघडायचा पाना त्या वेळी लातूरला होता. वाट्या-गोळ्यांचा जुना सेट, हातोडी, छिन्नी, रॉकेलची बाटली असं हाताला लागेल ते पिशवीत टाकलं. बालाजीला सांगितलं तर तो फवारा तसाच टाकून मोटारसायकल घेऊन आला. येरमाळ्याच्या रस्त्यानं जाताना तो एकदाच बोलला, ‘मी इचारलं व्हतं तुमाला.’ मी वाऱ्यामुळं ऐकू न आल्यासारखं केलं.

तेरखेड्याला ट्रक एका फटाक्याच्या गोदामाच्या भिंतीशी उभा होता. भांडी, पत्रे, सरपण, कोंबड्या, सगळं वर चढत होतं. सायकल स्टँडवर आणि शालनबाई तिच्याशेजारी मातीत बसलेली. मी पिशवी सोडताच सगळी टोळी गोल करून उभी राहिली. ज्या माणसाला सायकल चालवताही येत नव्हती तोसुद्धा मला ‘उलटं फिरवा’ म्हणून सांगत होता. मी रॉकेल सोडलं, छिन्नी खाचेत टेकवली आणि हातोडी मारली. टण्णकन आवाज आला आणि एक बारीक ठिणगी उडाली.

‘ए ठिनगी!’ एक म्हातारी अशी ओरडली की कोंबड्याही गप्प झाल्या.

माझ्या हातातली हातोडी कुणी कधी काढून घेतली ते कळलंही नाही. बालाजी म्हणाला, ‘मंग गॅसनं जरा तापवून बघू का?’ बबनरावांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो निमूटपणे रस्त्यापलीकडं गेला आणि खिशातली काडेपेटीही तिथं एका दगडाखाली ठेवून आला. दोन वाजत आले होते. मी चाळीस वर्षांचा जाणकार, पिशवीत सगळा जुना सेट तयार, आणि नवा निघत नव्हता. बबनराव शालनबाईला म्हणाले, ‘जाऊ दे आता. तुजी काय चूक न्हाय. पन आमाला थांबता येत न्हाय.’ त्यांनी गड्याला कोयते गोळा करायला सांगितले.

आठ वर्षांचं काम माझ्या एका बढाईनं चाललं होतं. मला तिच्याकडं बघवेना. मी आपला उगाच चेन पुसत बसलो.

शालनबाई उठली. तिनं मागच्या चाकाच्या टायरवर हात ठेवला आणि एक जोरात झटका दिला. पायडल जागच्या जागी, चेन जागच्या जागी, पण चाक कटकटकट करत फिरलं आणि पुढं दगडही फिरला.

‘ह्ये तर फिरतंय की,’ ती म्हणाली.

फिरणारच. फ्रीव्हील कशासाठी असतं? पायडल थांबलं तरी चाक पुढं फिरावं म्हणून. हे मी शाळकरी पोरांनाही समजावून सांगितलेलं आहे. पण माझं सगळं डोकं दोन तास त्या बीबीतच अडकलं होतं.

‘हातानं किती वेळ फिरवणार तुम्ही?’ मी विचारलं. ‘धार कोण लावणार?’

‘म्या धार लावनार,’ ती सीटवर चढत म्हणाली. ‘तुमी फिरवनार.’

टोळी हसली. मी बाह्या वर केल्या आणि चाकाशेजारी मातीत मांडी घातली. दोन्ही हातांनी टायर ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं. पाचव्या कोयत्याला तळहात काळे झाले, दहाव्याला लाल. ‘जरा जोरात,’ वरून शालनबाई. ‘आता सावकाश. एकसारखं फिरवा हो, धार लाटंवानी येतीय.’ बायका ट्रकवर सामान चढवायचं सोडून बघत होत्या. ती मघाचीच म्हातारी म्हणाली, ‘मोटर चांगली हाय गं शालन. कुठनं आनलीस?’ माझा दम संपला की बालाजी बसायचा. तो तरुण आहे, पण त्यालाही घाम फुटला. दर वेळी टायर सोडताना तो माझ्याकडं बघायचा आणि मी दुसरीकडं.

शेवटचा कोयता झाला तेव्हा पावणेपाच वाजले होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला होता. बबनरावांनी एक कोयता उचलला, मनगटावरच्या केसांवरून फिरवला, पडलेले केस फुंकरीनं उडवले. मग दुसरा, मग तिसरा. ते घाईत आहेत असं अजिबात वाटत नव्हतं. शेवटी म्हणाले, ‘शालनबाई, म्होरल्या साली एक दिस आदी या. टाईम लागतोय.’ ती ‘व्हय’ म्हणाली आणि डब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं. रडली की काय ते मला कळलं नाही आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा पाना आला. शालनबाई दुकानात उभी असतानाच मी तो सेट काढला. एका बाजूच्या सीलचं रबर दगडाच्या कणीनं खाऊन गेलं होतं आणि त्या फटीतून फवाऱ्याचं पाणी आत शिरलेलं. उलटं धरलं तर आतून तांबडा चिखल ओघळला. सीलनं आपलं काम चोख केलं होतं, आत गेलेलं पाणी अजिबात बाहेर येऊ दिलं नव्हतं. डॉक्टरांच्या सायकलला तो सेट दहा वर्षं गेला असता, कारण ती धुतली जाते मऊ कापडानं आणि रविवार सोडून घरातच असते. यात सेटचा दोष नव्हता. मी त्या बाईचं काम न बघता माझी हौस बघितली होती. हे मी तिला तोंडावर सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं.

ती म्हणाली, ‘मला जुना बसवा. आन कसा बसवत्यात त्ये दावा. तेरखेड्यात तुमी कितींदा येनार?’

मी दाखवलं. चेनच्या बाजूचे उलटे आटे तिनं एकदाच ऐकले आणि चुकली नाही. वाटी किती आवळायची, हे मला शिकायला दोन वर्षं लागली होती. तिला दोन तास लागले, कारण तिचे हात पोलादाची धार जोखण्यात मुरलेले. सुट्या गोळ्या, ग्रीसची डबी आणि दोन पाने तिनं पिशवीत भरले. मग जाता जाता तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मागून घेतला, उभा कापला, आणि दगडाच्या खाली तारेनं अडकवला. आता पाणी त्या डब्यात पडणार होतं, बीबीवर नाही. मी तिच्या सायकलचे किती सेट बदलले याचा हिशोब नाही, पण पाणी वरच्या वर झेलावं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हल्ली मला लोक विचारतात, मिस्त्री, सगळ्यात टिकाऊ बीबी सेट कुठला? मी विचारतो, सायकल कुणाची, करता काय, आणि बिघडली तर उघडणार कोण? यावर ते वैतागतात आणि मोबाईलमध्ये बघून चमकणारा मागवतात.

शालनबाई त्यानंतर दुरुस्तीसाठी दुकानात आली नाही. सुट्या गोळ्या न्यायला यायची तेही पुढं थांबलं. तेरखेड्याजवळच्या वाशीकडच्या कुणाकुणाच्या सायकलचा खटका धारवाली बाई काढून देते असं कानावर यायचं. मला आनंद व्हायचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडं लागायचंही. मग दुकान बंद झालं. गुडघे गेले. डॉक्टर म्हणतात बदलून टाका, मी म्हणतो उघडून साफ होत असतील तर बघा.

गेल्या दसऱ्यानंतर तिचा फोन आला. मला वाटलं, सेट गेला. मी विचारलं, ‘पिशवी घेऊन येऊ का?’

‘सेट झ्याक हाय. पन औंदा दोन टोळ्यांचे कोयते आलेत, येकटीच्या पायानं व्हईनात. मुकादम इचारत्यात, मोटर येनार का म्हनून.’

बालाजीनं नेऊन सोडलं. गोदामाच्या भिंतीशी ट्रक, पोत्यावर कोयत्यांचा ढीग, सीटवर शालनबाई. ती हातातला कोयता दगडाला लावत राहिली. माझ्या गुडघ्यांचं तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मागच्या चाकाजवळ, हात बरोबर टायरवर येईल अशा उंचीचं, एक स्टूल मांडून ठेवलेलं होतं.